हॉकी विश्वचषक २०२६: आखातातून शेंगेन व्हिसा काढताना (नेदरलँड्सचा की बेल्जियमचा?)

खडकीकर_शारजा

१५ ते ३० ऑगस्टदरम्यान हॉकीचा विश्वचषक ॲमस्टेलवेन (नेदरलँड्स) आणि वाव्र (बेल्जियम) अशा दोन ठिकाणी आहे. पुरुष आणि महिला, दोन्ही स्पर्धा एकाच पंधरवड्यात. आमचा बेत असा:

१४ ऑगस्टला ब्रुसेल्सला उतरायचं, पाच रात्री तिथे. १९ला रेल्वेने ॲमस्टरडॅम, सात रात्री तिथे. २६ला ॲमस्टरडॅमहून परत.

चौघं जण, भारतीय पासपोर्ट. मुलं ९ आणि ४ वर्षांची. राहणं शारजा, नोकरी दुबई, बायको-मुलं माझ्या व्हिसावर. कोणाकडेही आधीचा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा सामाईक व्हिसा) नाही.

प्रश्न तीन. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जुलैत सगळे पुण्याला जाणार आहोत, तर मुंबईतून अर्ज केला तर चालतो का? आणि सामन्यांची तिकिटं आधी काढायची की व्हिसा आधी?

पेनल्टी_कॉर्नर

पहिल्याचं उत्तर: नेदरलँड्स.

विमान कुठे उतरतं यावर ठरत नाही, हा गैरसमज दरवर्षी निघतो. नियमाचा क्रम असा आहे. ज्या देशात मुक्काम जास्त किंवा जाण्याचं मुख्य कारण जिथे, तो देश. त्यावरून ठरत नसेल तरच जिथे पहिल्यांदा शेंगेनमध्ये शिरता तो देश. तुमच्या सात रात्री ॲमस्टरडॅम आणि पाच ब्रुसेल्स, दोन्हीकडे हॉकीच. म्हणजे नेदरलँड्स. सहा-सहा असत्या तर उतरता ब्रुसेल्सला म्हणून बेल्जियम झालं असतं. त्यामुळे काठावरचा बेत करू नका. एखादी रात्र इकडची तिकडे झाली तरी उत्तर बदलणार नाही एवढं अंतर ठेवा.

गडबड कुठे होते सांगतो. एका देशाकडे अपॉइंटमेंट मिळत नाही, दुसऱ्याकडे मिळते. मग लोक दुसऱ्याकडे जातात आणि कागदावर तिथल्या रात्री वाढवतात. पुढे व्हिसा मिळाल्यावर ती हॉटेलं रद्द करून मूळ बेतावर येतात. सीमेवरचा अधिकारी हॉटेलचं बुकिंग मागू शकतो, आणि मुळात खोटं कारण दाखवून घेतलेला व्हिसा तिथल्या तिथे रद्द करता येतो. बेत खरोखरच बदलला तर हरकत नाही, पण का बदलला ते दाखवता आलं पाहिजे.

आणि इथे तो बदलू शकतो! समजा, गटातले सामने एका गावी आणि बाद फेरीतले दुसऱ्या गावी आले. भारत पुढे जाईल हे गृहीत धरून रात्री मोजू नका. जे सामने तारखेनिशी नक्की आहेत त्यांच्यावर मुक्काम बेता. ॲमस्टेलवेनशी आपलं गणित तसंही जमत नाही. १९७३च्या विश्वचषकाची अंतिम फेरी आपण तिथेच नेदरलँड्सकडून पेनल्टी स्ट्रोकवर हरलो होतो.

सुरमई

दुसऱ्या प्रश्नाला "नाही" म्हणून चला. अर्ज जिथे कायदेशीर राहता त्या देशातून करायचा. जिथे तात्पुरते आला आहात तिथून करायचा तर तसं सबळ कारण द्यावं लागतं, आणि "सुट्टीत पुण्याला होतो" हे त्यात बसत नाही. शिवाय तुमची नोकरी, पगार, घर सगळं अमिरातीत. मुंबईतल्या खिडकीवर त्या कागदांचा अर्थ लावणारं कोणी नसेल.

आता तारखा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत घेतात. म्हणजे तुमच्यासाठी १४ फेब्रुवारी ते ३० जुलै. निर्णयाला नेहमीचे १५ दिवस, पण अधिक तपासणी लागली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतं. १४ ऑगस्टच्या ४५ दिवस आधी म्हणजे ३० जून. हीच खरी शेवटची तारीख समजा. आणि हे १५ किंवा ४५ दिवस अर्ज स्वीकारल्यापासून मोजतात, अपॉइंटमेंट मागितल्यापासून नाही. उन्हाळ्यात सगळं आखात युरोपला निघालेलं असतं, त्यामुळे खरी रांग अपॉइंटमेंटचीच असते.

तुमच्या बाबतीत अजून एक अडचण. अर्ज आत असेपर्यंत पासपोर्ट साधारण त्यांच्याकडेच राहतो. चारही पासपोर्ट आत आणि पुण्याची तिकिटं ३ जुलैची, असं झालं तर काय करणार? मेमध्ये अर्ज करा, पासपोर्ट हातात घ्या, मग आंब्याच्या शेवटच्या पेटीला पुण्यात पोहोचा.

ढोबळी_मिरची

अर्जात प्रवासाच्या कारणांमध्ये "पर्यटन" आणि "क्रीडा" अशा दोन वेगळ्या चौकटी असतात. हॉकी बघायला जातोय म्हणजे क्रीडा ना?

पेनल्टी_कॉर्नर

नाही. क्रीडा ही चौकट खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि सोबतच्या मंडळींसाठी. ती टिकवली (म्हणजे तिच्यावर खूण केली) की लागणाऱ्या कागदांच्या यादीत आयोजकांचं निमंत्रणपत्र येतं, आणि प्रेक्षकाकडे ते कुठून येणार? प्रेक्षकांनी पर्यटन टिकवायचं. खाली कारणाचा तपशील लिहायला जागा असते, तिथे एका ओळीत हॉकी विश्वचषकाचे सामने पाहणे, अमुक तारखा, एवढं लिहायचं.

स्वयंसेवक म्हणून काम करायचं असेल तर मात्र हा रस्ता तुमचा नाही. आधी आयोजकांकडून आणि वकिलातीकडून विचारून घ्या.

सुरमई

तिसरा प्रश्न, तिकिटं. सामन्याची तिकिटं आधी काढा, विमानाची नको. सामन्याचं तिकीट हा प्रवासाच्या कारणाचा सगळ्यात स्वच्छ पुरावा. मात्र त्याने व्हिसा मिळायची हमी येत नाही, म्हणून परत विकता येणारं किंवा परतावा मिळणारं तिकीट मिळतं का ते खरेदीच्या अटींत बघून घ्या. डिजिटल तिकिटांचा बारकोड बऱ्याचदा सामन्याच्या तोंडावरच येतो. तोवर ऑर्डरची पावती छापून लावा, ज्यावर खरेदीदाराचं नाव, सामन्याची तारीख, मैदान आणि तिकिटांची संख्या दिसते. चौघांची तिकिटं एकाच्या नावावर असतील तर अर्जासोबतच्या पत्रात तसं लिहा.

विमानाचं फक्त आरक्षण पुरतं, पैसे भरलेलं तिकीट नको. हॉटेल रद्द करता येणारं घ्या, पण निर्णय येईपर्यंत रद्द करू नका, मधे पडताळणीचा फोन जाऊ शकतो. हॉटेलच्या बुकिंगवर चौघांची नावं यायला हवीत. "श्री. अमुक आणि ३ पाहुणे" असं आलं तर हॉटेलला ईमेल करून नावं घालून घ्या.

बाकी यादी:

एमिरेट्स आयडीची दोन्ही बाजूंची प्रत. अमिरातीत २०२२पासून पासपोर्टवर रेसिडन्सचं स्टिकर लागत नाही, त्यामुळे आयडी हाच वास्तव्याचा पुरावा. तो परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा. तुमची परत येण्याची तारीख २६ ऑगस्ट, म्हणजे २६ नोव्हेंबरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये संपत असेल तर आधी नूतनीकरण, मग अर्ज. बायको-मुलांच्या आयडीची तारीख वेगळी असू शकते, चारही बघा.

पासपोर्टलाही तेच, परतीनंतर तीन महिने. शिवाय गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन कोरी पानं असलेला.

कंपनीचं एनओसी (ना-हरकत पत्र): लेटरहेडवर, नेदरलँड्सच्या वकिलातीला उद्देशून. हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, महिन्याचा पगार, मंजूर रजेच्या तारखा आणि रजेनंतर कामावर रुजू होणार हे वाक्य. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन आणि शिक्का. आखातातल्या एचआरकडे एक साचा असतो, "टू हूम इट मे कन्सर्न" वाला, त्यात रजेच्या तारखा नसतात. तो घेऊ नका.

बायको नोकरी करत नसेल तर तुमचं प्रायोजकत्वाचं पत्र आणि विवाहनोंदणीचा दाखला. मुलांचे जन्मदाखले. दाखला मराठीत असेल, ग्रामपंचायतीचा वगैरे, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर. अरबी कागदांनाही तेच.

प्रवास विमा ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू, त्यात आजारपण, रुग्णालय आणि मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला. कंपनीच्या आरोग्यविम्याचं कार्ड चालत नाही, त्यावर ही वाक्यं छापलेली नसतात.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलाला ४५, सहाच्या आतल्याला काही नाही. तुमचे ९० + ९० + ४५ = २२५ युरो. ते दिरहममध्ये घेतात. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. नकार आला तरी काहीच परत मिळत नाही.

रेतीचा_किल्ला

सगळं खरं, पण आखातातल्या अर्जांचा घोटाळा बँक स्टेटमेंटमध्ये होतो. जरा सविस्तर लिहितो.

तीन महिन्यांचं, बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट मागतात. आपल्या लोकांचं स्टेटमेंट असं दिसतं: २८ तारखेला पगार १४,०००. २९ला घरभाडं आणि गाडीचा हप्ता. १ तारखेला ९,००० भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात. महिन्याच्या मधे शिल्लक ६३०. तीन महिने हेच. पगार उत्तम, बचतही उत्तम, पण बचत दुसऱ्या देशात. कागद वाचणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की या माणसाकडे ६३० दिरहम आहेत आणि हा चौघांना घेऊन तेरा दिवस युरोपला निघालाय.

नेदरलँड्सचा हिशोब माणशी दिवसाला ५५ युरो. १४ ते २६ ऑगस्ट म्हणजे १३ दिवस: ७१५ युरो माणशी, चौघांचे २,८६०. बेल्जियमकडे अर्ज असता तर हॉटेलात राहणाऱ्याला दिवसाला ९५ आणि कोणाच्या घरी राहणाऱ्याला ४५. ही किमान रक्कम आहे, तेवढीच ठेवून थांबू नका.

यावर लोक काय उपाय करतात? अर्जाच्या आठवडाभर आधी मित्राकडून वीस हजार घेऊन खात्यात टाकतात. हे सगळ्यात वाईट. मोठी रक्कम एकदम आली की पहिला प्रश्न तिच्यावरच पडतो. त्यापेक्षा तीन महिने आधीपासून भारतात कमी पाठवा आणि शिल्लक चढती दिसू द्या. तेवढा वेळ नसेल तर एनआरई खात्याचं स्टेटमेंटही जोडा आणि पत्रात सांगा, की दरमहा एवढी रक्कम इथून तिथे जाते, दोन्हीकडच्या नोंदी पेनने अधोरेखित केल्या आहेत. खरंच एखादी मोठी रक्कम आली असेल, बोनस किंवा भिशीचे पैसे, तर तिचा कागद लावा. भिशीचा कागद नसतो. म्हणून भिशी त्या तिमाहीत उचलू नका, इतकंच.

एनओसीतला पगार आणि खात्यात येणारा पगार जुळला पाहिजे. ओव्हरटाइममुळे कमीजास्त होत असेल तर एनओसीत मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहून घ्या.

सुरमई

यावर पुरवणी. सातबारा लावू नका.

हसू नका, लावतात लोक! गावची शेती, पुण्याचा फ्लॅट, वडिलांच्या नावचं घर, सगळ्यांचे उतारे भाषांतर करून. कारण कुठेतरी ऐकलेलं असतं की "मायदेशाशी नाळ दाखवा". पण तुम्ही परत कुठे जाणार आहात? शारजाला. अधिकाऱ्याला तपासायचंय की हा माणूस २६ ऑगस्टला अमिरातीत परतेल का. त्याची उत्तरं म्हणजे नोकरी किती वर्षांची, आयडी कधीपर्यंत, घरभाड्याचा करार, मुलांच्या शाळेचं पत्र. सातबारा फार तर सांगतो की हा माणूस अमिराती सोडून जाऊ शकतो. नेमका उलटा पुरावा!

शाळेचं पत्र मात्र स्वस्त आणि उपयोगी. मुलं अमुक इयत्तेत शिकतात आणि सुट्टीनंतर अमुक तारखेला शाळा सुरू, एवढ्या दोन ओळी.

नोकरी बदलत असाल, नोटीस पीरियड चालू असेल तर अर्ज थांबवा. नवी कंपनी, नवा आयडी, दोन-तीन पगार, मग अर्ज.

मस्कतवाला

सौदी आणि कुवेतवाल्यांसाठी, कारण तिकडे आणखी एक दार आहे.

सौदीत इकाम्याबरोबर (वास्तव्याचा परवाना) एक्झिट री-एन्ट्री, म्हणजे बाहेर जाऊन परत यायचा परवाना लागतो, घरच्या प्रत्येकाला वेगळा. एकेरीचं शुल्क दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल. २०२१च्या कामगार सुधारणांनंतर तो स्वतः अबशर या सरकारी ॲपवरून काढता येतो. त्याची मुदत परतीच्या पुढे जाते ना ते बघा. बाहेर असताना संपला तर वाढवायला जास्त पैसे पडतात आणि डोक्याला ताप.

कुवेतमध्ये १ जुलै २०२५पासून कलम १८वरच्या, म्हणजे खासगी क्षेत्रातल्या परदेशी कर्मचाऱ्यांना देश सोडण्याआधी मालकाने मंजूर केलेली परवानगी लागते, सहल या सरकारी ॲपवरून. शेंगेन हातात आणि विमानतळावर ही नाही, तर प्रवास तिथेच संपला.

ढोबळी_मिरची

ॲमस्टेलवेनमध्ये आपली खूप माणसं आहेत. मावसभावाकडे राहिलं तर हॉटेल वाचेल. नुसतं आमंत्रणाचं पत्र पुरतं?

पेनल्टी_कॉर्नर

नेदरलँड्ससाठी नाही पुरत. त्यांचा ठरावीक फॉर्म आहे, हमी आणि खासगी निवास यांचा एकत्र. भाऊ तो भरेल, त्याच्या नगरपालिकेत (तिथे खेमेन्ते म्हणतात) जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करेल आणि सही प्रमाणित करून घेईल. मूळ प्रत कुरियरने तुमच्याकडे. या खेपेला दोन आठवडे धरा.

फॉर्ममध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत: फक्त राहायला जागा देणं, आणि खर्चाची हमी घेणं. तुमचा पगार पुरेसा असेल तर भावाने फक्त पहिलं टिकवायचं. दुसरं घेतलं की त्याला पगाराच्या स्लिपा, किमान वेतनाएवढं उत्पन्न आणि पुढे किमान बारा महिने चालणारा करार दाखवावा लागतो. उगाच त्याच्या गळ्यात का?

अजून एक. कोणाच्या घरी राहत असाल तर "पर्यटन"बरोबर "कुटुंब किंवा मित्रांना भेट" हेही टिकवा. एका बाजूला घरगुती निवासाचा फॉर्म आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ पर्यटन, असं विसंगत नको.

रेतीचा_किल्ला

नावांचं कोणी लिहिलं नाही अजून.

आपल्या पासपोर्टवर "दिलेलं नाव" या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव, आणि आडनाव वेगळं. विमानाच्या तिकिटावर दोन्ही नावं चिकटून येतात, सुरेशदत्तात्रय असं. हे चालतं. जे चालत नाही ते म्हणजे मधलं नाव कुठे आहे, कुठे नाही. अर्ज, विमा आणि विमानाचं आरक्षण, तिन्हींवर पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच नाव. बँकेत आणि एमिरेट्स आयडीवर क्रम वेगळा असेल तर तो बदलायच्या मागे लागू नका, पत्रात एक ओळ लिहा.

लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचंच नाव असेल तर विवाहाचा दाखला हवाच. नाहीतर "नवऱ्याच्या प्रायोजकत्वावर" या वाक्याला आधार राहत नाही.

सुरमई

पत्राबद्दल. एक पान, त्यात तक्ता. रकाने: तारीख, रात्र कोणत्या गावी, हॉटेल आणि बुकिंग क्रमांक, त्या दिवशीचा सामना. म्हणजे एक ओळ अशी दिसेल: "१६ ऑगस्ट, रविवार / ब्रुसेल्स / हॉटेल, क्रमांक / वाव्र येथील सामना, तिकीट जोडपत्र ७". बारा रात्रींच्या बारा ओळी. खाली बेरीज: बेल्जियम ५, नेदरलँड्स ७. अधिकाऱ्याला मोजायला लावू नका.

नेदरलँड्सचे बहुतेक निर्णय हेगमधल्या कार्यालयात, स्कॅन झालेल्या कागदांवरून होतात. दुबईच्या खिडकीवर तुम्ही तोंडी काय समजावलंत ते तिथे पोहोचत नाही. पुसट शिक्का, स्टेपलमध्ये दबलेली ओळ, दोन्ही बाजूंना छापलेलं स्टेटमेंट, हे सगळं स्कॅनमध्ये हरवतं. एका बाजूला छापा, स्टेपल मारू नका.

मस्कतवाला

मधे दोन दिवस लंडनला जाऊन येणार असाल तर अर्जात "एकापेक्षा जास्त प्रवेश" मागायला विसरू नका. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. एकेरी व्हिसावर एकदा बाहेर पडलात की उरलेले सामने टीव्हीवर. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, हे आलंच.

ढोबळी_मिरची

भारतीयांना आता दोन वर्षांचा मल्टिपल मिळतो ना, २०२४पासून?

पेनल्टी_कॉर्नर

एप्रिल २०२४चा तो निर्णय भारतात राहून तिथून अर्ज करणाऱ्या भारतीयांसाठी आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले की दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा. आखातातून अर्ज करणाऱ्याला सर्वसाधारण पायऱ्या लागू: दोन वर्षांत तीन व्हिसे वापरले तर एक वर्षाचा, तो वापरला की दोनचा, मग पाचचा. पहिल्या अर्जात सहलीपुरता मिळाला तर रुसू नका.

खडकीकर_शारजा

सगळ्यांचे आभार. नेदरलँड्स नक्की, अर्ज मेमध्ये, एनआरईचं स्टेटमेंट जोडतो. सातबारा काढून ठेवला होता, कपाटात परत!

दोन राहिले. नकार आला तर? आणि सीमेवर हल्ली काहीतरी नवीन नोंदणी सुरू झालीय, त्याचं काय?

रेतीचा_किल्ला

नकाराबरोबर छापील कारणांचा कागद मिळतो, लागू असलेल्या चौकटीवर खूण केलेली. नेहमीच्या दोन: प्रवासाचं कारण आणि परिस्थिती पुरेशी स्पष्ट नाही, आणि मुदतीत परत जाण्याबद्दल शंका. पहिली बहुधा मुक्काम, तिकिटं आणि पत्र यांच्यातल्या विसंगतीमुळे. दुसरी आयडीची मुदत, नवी नोकरी किंवा खात्यावरून. नेदरलँड्सकडे चार आठवड्यांत हरकत घेता येते, बेल्जियममध्ये ३० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील. पण स्पर्धेच्या तारखा डोक्यावर असताना ते वेळेत सुटणं कठीण. चूक दुरुस्त करून नवा अर्ज जास्त व्यवहारी. तोच गठ्ठा पुन्हा देऊ नका, आधीची नोंद यंत्रणेत पाच वर्षं दिसते.

नवीन नोंदणी म्हणजे ईईएस (एन्ट्री-एक्झिट सिस्टिम), शेंगेनमध्ये येण्याजाण्याची नोंद. १२ ऑक्टोबर २०२५ला सुरू होऊन १० एप्रिल २०२६पासून पूर्ण लागू. पासपोर्टवर शिक्का नाही, संगणकात नोंद. व्हिसावाल्यांचे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात, त्यामुळे सीमेवर फक्त चेहऱ्याचा फोटो. पहिल्या खेपेला रांग लांब असते, म्हणून उतरल्या दिवशी वाव्रचा दुपारचा सामना धरू नका. ब्रुसेल्सहून वाव्रला रेल्वेने ओतिन्यीला गाडी बदलून जावं लागतं, ते वेगळंच.

विमा, हॉटेल आणि परतीचं तिकीट हातातल्या बॅगेत छापील ठेवा. फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते.

सुरमई

आणि मुलांना केंद्रावर सोबत न्या. बाराच्या आतल्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पण पहिल्या अर्जाला हजर राहायला सांगू शकतात. अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या. चार वर्षांच्याचा फोटो स्टुडिओत काढा, घरी नको: पार्श्वभूमी फिकट, तोंड मिटलेलं, दोन्ही डोळे उघडे, आणि मागून धरणाऱ्याचा हात चौकटीत नको. त्या हातापायी फोटो परत येतात.